ढोम्याच्या कानातले कॅल्शियमचे दार

वैतरणा समुद्राला मिळते त्या मुखाच्या उत्तरेला दातिवरे आणि समोर दक्षिणेला अर्नाळा. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत इथले पोर्तुगीज ठाणे मराठ्यांच्या हाती आले, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत दातिवऱ्याचा उल्लेख सापडतो. मासळी खाणाऱ्यांना हा किनारा ओळखीचा आहे तो डोलीच्या जाळ्यासाठी. समुद्रतळात खुंट ठोकून, म्हणजे कव मारून, भरती-ओहोटीच्या ओढीकडे तोंड करून डोल लावली की तिच्यात बोंबील, जवळा, करंदी, मांदेली येते आणि सोबत ढोमा येतो. ढोमा पाण्याबाहेर काढला की घशातून आल्यासारखा घुरघुरतो. त्याचे डोके फोडले तर आत दोन पांढरे, कठीण खडे निघतात. मासळी साफ करणाऱ्या प्रत्येक बाईच्या हाताला ते केव्हा ना केव्हा लागलेले असतात.

ढोम्याच्याच कुळातली मोठी बहीण म्हणजे घोळ. २०२१च्या ऑगस्टमध्ये, पावसाळी बंदी उठल्यानंतर, पालघरजवळच्या मुरबे गावच्या एका बोटीला एका खेपेत दीडशेहून अधिक घोळी लागल्या आणि त्यांचे एक कोटीच्या वर पैसे झाले. ही बातमी देशभर गेली. पैसा होता तो घोळीच्या बोताचा, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीचा. या कुळातले मासे त्या बोतावर स्नायू आपटून आवाज काढतात, विणीच्या दिवसांत एकमेकांना साद घालतात. साद घालणाऱ्याला ऐकूही यायला हवे. ऐकण्याचे काम डोक्यातल्या त्या खड्यांखाली, डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींच्या पापुद्र्यावर चालते. त्या पेशींच्या तळाशी कॅल्शियमला आत घेणारी सूक्ष्म दारे आहेत. माणसाच्या कानातही बहुतांशी तीच दारे आहेत. ती कशी सापडली आणि माणसाच्या बहिरेपणाचा एक धागा माशांपर्यंत कसा जाऊन पोहोचला, याची ही हकिगत.

माशांना ऐकू येते की नाही, यावरच युरोपात दीर्घकाळ वाद होता. माशाला बाहेरून दिसणारा कान नाही, कानाचा पडदा नाही, आपल्यासारखा शंखाकृती कर्णावर्तही नाही. १८२० साली एर्न्स्ट हाइनरिख वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने रोहूच्या जातकुळीतल्या माशांत हवेच्या पिशवीपासून अंतर्कर्णापर्यंत जाणारी लहान हाडांची साखळी दाखवली आणि तिचा संबंध ऐकण्याशी जोडला. स्वीडनमध्ये गुस्ताफ रेट्झियसने १८८१ आणि १८८४ साली दोन प्रचंड ग्रंथ काढले. मासे, बेडूक, सरपटणारे प्राणी, पक्षी आणि सस्तन प्राणी यांचे अंतर्कर्ण त्याने इतक्या बारकाईने रेखाटले की अभ्यासक आजही त्या चित्रांकडे वळतात. त्यात एक गोष्ट पानोपानी दिसत होती. कानाचा आकार प्राण्यागणिक बदलतो, पण आतली पेशी बदलत नाही. वरच्या टोकाला केसांसारख्या तंतूंचा झुबका आणि खाली मज्जातंतूला चिकटलेला तळ, अशी ही रोमपेशी. शार्कमध्ये तीच, कबुतरात तीच, माणसात तीच.

चित्रे कितीही उत्तम असली तरी मासा ऐकतो हे त्यांनी सिद्ध होत नव्हते. रोस्टॉकचे नामवंत कर्णतज्ज्ञ ओटो कोर्नर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मासे बहिरे असतात असा निष्कर्ष काढला होता, आणि त्यांच्या शब्दाला वजन होते. पुढे त्याच गावच्या विद्यापीठात कार्ल फॉन फ्रिश प्राणिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. मधमाश्यांच्या नाचासाठी त्यांना १९७३ साली नोबेल मिळाले, पण त्याच्या कितीतरी आधीचा हा प्रयोग. त्यांनी एक लहान मार्जारमीन पाळला. डोळ्यांनी काही कळू नये म्हणून त्याची दृष्टी काढून घेतली होती. तो टाकीतल्या नळीत लपून बसे. फ्रिश आधी शीळ घालत, मग त्याला मांसाचा तुकडा देत. काही दिवसांत मासा नुसत्या शिळेवर नळीतून बाहेर येऊ लागला. १९२३ साली फ्रिश यांनी हे प्रसिद्ध केले. कोर्नर स्वतः येऊन बघून गेले आणि त्यांनी मोकळेपणाने मान्य केले की मासा शिळेला येतो. मला या प्रसंगात शिळेपेक्षा ही कबुली मोठी वाटते. आयुष्यभराचे मत एका लहानशा माशासमोर बदलायला मन मोठे लागते.

ढोम्याच्या भाईबंदांनी याच प्रश्नाचे उत्तर पुढे वेगळ्या रीतीने दिले. १९४२ साली जर्मन पाणबुड्यांची चाहूल घेण्यासाठी अमेरिकेच्या आरमाराने चेसापीक उपसागरात पाण्याखाली ध्वनिग्राहक बसवले. हंगाम आला तसा त्यांतून असा गोंगाट येऊ लागला की जणू कुणी रस्ता फोडतो आहे. शोध घेतल्यावर कळले की तो गलका घुरघुरणाऱ्या माशांचा होता. ढोमा आणि घोळ ज्या कुळातले, त्याच कुळातली ती जात. युद्धानंतर मेरी पोलंड फिश यांनी माशांच्या आवाजांच्या नोंदी वर्षानुवर्षे गोळा केल्या. समुद्र मुका नाही हे तेव्हापासून विज्ञानाने लिहून ठेवले. कोळी ते आधीपासून ऐकत होतेच. मलायाच्या किनाऱ्यावर तर पाण्यात डोके घालून माशांचा थवा कानाने हेरणारे जाणकार असत.

मासा ऐकतो कसा, हे समजायला त्या पांढऱ्या खड्यांकडे यावे लागते. माशाचे शरीर जवळपास पाण्याइतकेच घन असते. ध्वनीची लाट आली की सगळा मासा पाण्याबरोबर हलतो. खडा मात्र कॅल्शियम कार्बोनेटचा, शरीराच्या जवळजवळ तिप्पट घनतेचा. एसटी झटक्याने सुटली की उभा माणूस मागे राहतो, तसा तो मागे राहतो. त्या फरकाने खाली असलेल्या रोमपेशींचे तंतू वाकतात. ज्या माशांचे बोत कानाच्या जवळ पोहोचते, त्यांत लाटेने फुगणारे-आकसणारे बोत हा धक्का आणखी वाढवते. घोळ-ढोम्याच्या कुळात बोत कानाच्या जितके जवळ, तितके उंच स्वर ऐकू येतात, हे अमेरिकेतल्या अभ्यासांनी दाखवले आहे.

तंतू वाकला, पुढे काय? त्या वाकण्याची बातमी मज्जातंतूकडे कोण नेते? याचे उत्तर कानाच्या अभ्यासातून आले नाही. ते हृदयाच्या अभ्यासातून आले.

लंडनमध्ये सिडनी रिंगर हे डॉक्टर १८८०च्या सुमारास बेडकाचे हृदय शरीराबाहेर मिठाच्या पाण्यात धडधडते ठेवत होते. एकदा ते नेहमीप्रमाणे धडधडले, पण पुढे शुद्ध पाण्यात केलेल्या द्रावणात थांबले. चौकशीत कळले की साहाय्यकाने आधी नळाचे पाणी वापरले होते आणि लंडनच्या त्या पाण्यात कॅल्शियम होते. १८८३ साली रिंगर यांनी दाखवून दिले की कॅल्शियमवाचून हृदयाचा स्नायू आकुंचन पावत नाही. हाडांपुरता मानला जाणारा हा धातू जिवंत पेशीचा निरोप्याही आहे, हे इथून उलगडत गेले.

पुढचे मोठे पाऊल लंडनमध्येच बर्नार्ड कात्झ यांनी टाकले. नाझी राजवटीतून निसटून आलेले हे शास्त्रज्ञ. मज्जातंतूच्या टोकातून रसायनाच्या इवल्या पुड्या बाहेर पडतात आणि त्या सोडायला कॅल्शियम आत शिरावे लागते, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० आणि १९६०च्या दशकांत सिद्ध केले. १९७० साली त्यांना नोबेल मिळाले. पेशीच्या आत कॅल्शियम बाहेरच्या मानाने दहा हजार पटींनी कमी असते. त्यामुळे दार क्षणभर उघडले तरी आतले प्रमाण एकदम चढते आणि पेशीला निरोप कळतो. ही दारे म्हणजे पेशीच्या आवरणात बसलेली प्रथिने, कॅल्शियम चॅनेल. विद्युतदाब बदलला की ती उघडतात. १९६०च्या दशकात जर्मनीत फ्रायबुर्गला आल्ब्रेख्ट फ्लेकेनश्टाइन यांनी ती रोखणारी औषधे ओळखली. आज घराघरांत रक्तदाबासाठी सकाळी घेतली जाणारी अमलोडिपिनची गोळी त्याच वंशावळीतली.

१९७०च्या सुमारास दोन प्रकारची माहिती अशी दोन वेगवेगळ्या खोल्यांत पडून होती. कानाच्या अभ्यासकांना रोमपेशी ठाऊक होती, पण ती निरोप कसा देते हे ठाऊक नव्हते. मज्जातंतूंच्या अभ्यासकांना कॅल्शियमची करामत ठाऊक होती, पण ते कानाकडे वळले नव्हते. आणि सस्तन प्राण्याचा अंतर्कर्ण कवटीतल्या सर्वांत कठीण हाडात दडलेला. तिथपर्यंत सुई नेणे म्हणजे बहुधा पेशी मारणेच.

म्हणूनच मासा, बेडूक आणि कासव पुढे आले. त्यांचे कान उघडे करता येतात, पेशी थंड तापमानात तासन्‌तास जगतात. स्टॉकहोममध्ये ओके फ्लॉक यांनी १९६०च्या दशकात गोड्या पाण्यातल्या एका माशाच्या अंगावरील पार्श्वरेषेचा अभ्यास केला. पाण्याची हालचाल टिपणाऱ्या त्या रेषेतही याच रोमपेशी असतात. तंतू एका बाजूला वाकला की पेशी उत्तेजित होते, उलट बाजूला वाकला की शांत होते, असे त्यांनी दाखवले. जपानमध्ये तारो फुरुकावा आणि सहकारी सोनेरी माशाच्या कानातले मज्जातंतू तपासत होते. रोमपेशी मज्जातंतूला रसायनानेच निरोप देते याचे भक्कम पुरावे त्यांच्या कामातून मिळाले. १९८९ साली फुरुकावा यांनी सुगिहारा यांच्यासह असेही दाखवले की सोनेरी माशाच्या एकाच कानात निरनिराळ्या वर्तनाच्या रोमपेशी असतात.

१९७७ साली अमेरिकेत जिम हडस्पेथ आणि डेव्हिड कोरी यांनी मोठ्या बेडकाच्या कानातल्या एका रोमपेशीचे तंतू काचेच्या बारीक टोकाने मोजून-मापून ढकलले आणि पेशीच्या आतला विद्युतदाब कसा बदलतो ते नोंदवले. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतराने तंतू हलला तरी पेशी प्रतिसाद देत होती. तंतूंच्या टोकाला ताणाने उघडणारी दारे असतात. ती उघडली की बाहेरच्या द्रवातला पोटॅशियम आत येतो आणि विद्युतदाब बदलतो. हा पहिला टप्पा झाला. हा बदल तळाशी पोहोचल्यावर तिथली दुसरी दारे उघडायला हवीत. ती कॅल्शियमची.

त्यांची नेमकी मोजणी शक्य झाली ती जर्मनीतल्या एर्विन नेहर आणि बेर्ट झाकमान यांच्या तंत्रामुळे. काचेच्या अतिसूक्ष्म नळीचे तोंड पेशीच्या आवरणाला घट्ट चिकटवून एकेका चॅनेलमधून जाणारा प्रवाह मोजण्याची रीत त्यांनी १९७६ साली मांडली. १९९१ साली त्यांना नोबेल मिळाले. १९८३ साली रिचर्ड लुईस आणि हडस्पेथ यांनी बेडकाच्या सुट्या केलेल्या रोमपेशींवर हे तंत्र वापरले. पेशीत कॅल्शियमचा प्रवाह शिरतो आणि तोच कॅल्शियम दुसऱ्या एका पोटॅशियमच्या दाराला उघडायला लावतो, हे त्यात स्पष्ट दिसले. योगायोग असा की मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था सुरू झाली तेही १९८३ सालीच. एका पेशीत डोकावणारे आणि मुलांना बोलते करू पाहणारे, दोघांना एकमेकांची खबर असण्याचे कारण नव्हते.

याच सुमारास केंब्रिजमध्ये अँड्र्यू क्रॉफर्ड आणि रॉबर्ट फेटिप्लेस कासवाच्या कानात एक चकित करणारी गोष्ट बघत होते. प्रत्येक रोमपेशी एका ठरावीक स्वराला सर्वाधिक प्रतिसाद देत होती. विजेचा एक धक्का दिला की तिचा विद्युतदाब त्याच स्वराच्या गतीने वर-खाली झुलत राही. पुढच्या काही वर्षांत कारण कळले. कॅल्शियमचे दार उघडते, दाब चढतो. चढलेल्या कॅल्शियममुळे पोटॅशियमचे दार उघडते, दाब उतरतो. कॅल्शियमचे दार मिटू लागते, आणि पुन्हा तेच. ही ये-जा किती वेगाने होणार हे दारांच्या संख्येवर आणि पोटॅशियमची दारे किती चपळ आहेत यावर ठरते. म्हणजे कॅल्शियमचे दार या प्राण्यांत दोन कामे करते: निरोप पुढे पाठवते आणि कोणता स्वर ऐकायचा हेही ठरवते. सोनेरी माशात आणि इतर काही माशांतही अशी झुलणारी पेशी सापडली. सस्तन प्राण्यांनी स्वर वेगळे करण्याचे काम मुख्यतः कर्णावर्तातल्या पडद्याकडे सोपवले. निरोप पाठवण्यासाठी मात्र कॅल्शियमला पर्याय कुणालाच सापडला नाही.

१९९० साली विल्यम रॉबर्ट्स, जेकब्स आणि हडस्पेथ यांनी बेडकाच्या पेशीत दाखवले की ही दारे सगळीकडे विखुरलेली नसतात. मज्जातंतूला भिडणाऱ्या सुमारे वीस जागांशी त्यांचे घोळके असतात आणि पोटॅशियमची दारेही त्यांना खेटूनच असतात. प्रत्येक जागी एक गडद पट्टी असते आणि तिच्याभोवती रसायनाच्या पुड्या तयार ठेवलेल्या असतात. दार उघडण्याची जागा आणि पुडी फुटण्याची जागा इतक्या लगत असल्यामुळे मिलिसेकंदाच्या आत निरोप निघतो. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे आपण दोन कानांतल्या अत्यल्प वेळेच्या फरकावरून ओळखतो. त्यामागे ही लगट आहे.

कॅल्शियमची दारे शरीरात अनेक प्रकारची असतात. कानातले दार कोणते? त्याच १९९० साली पॉल फुक्स आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या पिलाच्या रोमपेशींवर रक्तदाबाच्या औषधांच्या कुळातली रसायने वापरली. प्रवाह त्यांना प्रतिसाद देत होता. म्हणजे ही दारे हृदय-धमन्यांतल्या दारांच्या जातीतली. तरी त्यांचा स्वभाव निराळा. ती कमी विद्युतदाबालाच उघडतात आणि उघडल्यावर लवकर मिटत नाहीत, जणू सतत ऐकत राहण्यासाठीच घडवलेली. १९९७ साली कोंबडीच्या कानात यांचा नेमका जनुक निश्चित झाला आणि या दाराला आज कॅव्ह १.३ म्हणतात. धमन्यांतले त्याचे भावंड कॅव्ह १.२. अमलोडिपिनसारख्या औषधांना कॅव्ह १.२ जितके बळी पडते तितके कॅव्ह १.३ पडत नाही. रक्तदाबाची गोळी घेणारे कोट्यवधी लोक त्या गोळीने बहिरे होत नाहीत, याचे एक मोठे कारण हे.

२००० साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या यॉर्ग श्ट्रीसनिग यांच्या गटाने या जनुकाशिवायचे उंदीर वाढवले. ते जन्मतः पूर्ण बहिरे निघाले. त्यांच्या आतल्या रोमपेशींतला कॅल्शियमचा प्रवाह एक टक्क्याहून कमी उरला होता. आणि त्यांच्या हृदयाचे ठोके मंद व अनियमित होते. रिंगर यांचे बेडकाचे हृदय आणि रेट्झियसने चितारलेला कान इथे एकाच प्रथिनापाशी येऊन भेटले.

मग पुन्हा मासा, आणि तोही आपल्याकडचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवर ग्रंथ लिहिला. त्यात कोसी नदीतल्या बोटभर लांबीच्या, निळ्या पट्ट्यांच्या एका माशाचे वर्णन आहे: झेब्राफिश. पुढे तो शोभेच्या टाक्यांत पोहोचला. १९७०च्या दशकात अमेरिकेत ओरेगॉनच्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला जनुकशास्त्रात आणले, कारण त्याची अंडी शरीराबाहेर वाढतात आणि पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. १९९६ साली जर्मनीत ट्युबिंगेनला क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड यांच्या प्रयोगशाळेतून हजारो बिघडलेल्या जनुकांच्या माशांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांत काही पिल्ले सरळ पोहण्याऐवजी गोल गोल फिरत. तोल आणि ऐकणे एकाच अंतर्कर्णातून येत असल्याने ती बहिरीही असणार, असा तर्क होता. टेरेसा निकोलसन यांनी १९९८ साली त्यांचा बारकाईने अभ्यास केला. या माशांना नावे दिली होती ती अंतराळयानांची: स्पुटनिक, मरिनर, ऑर्बिटर, जेमिनी.

जेमिनीचे प्रकरण सर्वांत विलक्षण. तिचे तंतू धडधाकट होते. ते ढकलले की पेशीत विद्युतबदलही होत होता. तरीही टाळी वाजवली तर पिल्लू दचकत नव्हते. बिघाड पहिल्या दाराचा नव्हता, दुसऱ्याचा होता. २००४ साली निकोलसन यांच्या गटातल्या समुएल सिदी आणि सहकाऱ्यांनी जेमिनीचा जनुक शोधला, तो निघाला कॅव्ह १.३चा. निरोगी पिल्लात हे प्रथिन रोमपेशीच्या तळाशी, त्या पट्ट्यांपाशीच ठिपक्यांसारखे दिसत होते. कोसीतला मासा, बेडूक, कोंबडी, उंदीर यांच्यात कोट्यवधी वर्षांचे अंतर आहे, तरी दार तेच, जागाही तीच.

माणसाचा पुरावा २०११ साली आला. पाकिस्तानातल्या दोन कुटुंबांत नात्यातल्या नात्यात लग्ने होत होती. त्यांतल्या काही व्यक्ती जन्मतः बहिऱ्या होत्या आणि विश्रांतीत त्यांचे हृदय फार संथ चाले. त्यांच्यात कॅव्ह १.३च्या जनुकात एक छोटीशी भर पडली होती. दार तयार होत होते, जागेवर बसत होते, पण त्यातून प्रवाह जात नव्हता. उंदरांवरून केलेले भाकीत माणसात तंतोतंत उतरले. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या हृदयाचाही आलेख काढून बघावा, या डॉक्टरी सल्ल्याला या शोधाने आणखी एक आधार दिला. २०१८ साली हडस्पेथ, फेटिप्लेस आणि बहिरेपणाचे अनेक जनुक शोधणाऱ्या क्रिस्तिन पेती यांना कावली पारितोषिक मिळाले. बेडूक, कासव आणि माणूस यांच्यावर काम करणारे तिघे एका व्यासपीठावर होते.

या ज्ञानाचा परिणाम आपल्या किनाऱ्याला दोन बाजूंनी भिडतो.

एक बाजू समुद्रातल्या गोंगाटाची. माशांना आयुष्यभर नव्या रोमपेशी येतात. १९८०च्या दशकात हे शार्कच्या जातकुळीत आणि इतर माशांत दिसले, आणि १९८८ साली पक्ष्यांतही मेलेल्या रोमपेशी पुन्हा उगवतात हे सिद्ध झाले. सस्तन प्राण्यांत असे होत नाही. आपल्या एका कानात आतल्या रोमपेशी साडेतीन हजारांच्या आसपास असतात आणि गेल्या की गेल्या. पण मासेही सगळे सोसू शकतात असे नाही. २००३ साली ऑस्ट्रेलियात तेलशोधासाठीच्या हवेच्या तोफांचा मारा झालेल्या स्नॅपर माशांच्या कानातल्या रोमपेशी उखडलेल्या आढळल्या, आणि अठ्ठावन्न दिवसांनंतरही त्या भरून आलेल्या नव्हत्या. उंदरांवरच्या प्रयोगांत तर अतिगोंगाटानंतर पेशी जिवंत राहूनही तिचे मज्जातंतूशी असलेले दुवे तुटलेले दिसले. प्रमाणाबाहेर शिरलेले कॅल्शियम अशा वेळी पेशीला घातक ठरते, आणि कॅल्शियम चॅनेल रोखणाऱ्या काही औषधांनी उंदरांच्या कानांचे नुकसान कमी झाल्याचेही आढळले आहे. निरोप देणारे दारच घात करते.

डहाणू तालुक्यात वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. चौदाशेहून अधिक हेक्टर समुद्र त्यासाठी भरावाखाली जायचा आहे. मच्छीमारांनी या बंदराला वर्षानुवर्षे विरोध केला तो मासळीची विणीची जागा जाईल म्हणून. भराव आणि गाळ काढणे यांची चर्चा पुष्कळ झाली. आवाजाची त्या मानाने फारच कमी. ज्या कुळाचे नर विणीसाठी आवाजाने माद्यांना बोलावतात, त्या कुळाच्या पाण्यात खांब ठोकले जाणार असतील तर पाण्याखालचा आवाज आधी नोंदवून ठेवायला हवा. कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रहरी घोळ आणि ढोमा साद घालतात, हे कळल्यावर ठोकाठोकीची वेळ ठरवता येते. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ग्रँड बेटाजवळ माशांचे सामूहिक आवाज टिपले आहेत. तंत्र हाताशी आहे, माणसेही आहेत. डहाणूपासून दातिवऱ्यापर्यंतच्या पाण्यात तेच करता येईल, आणि ही नोंद ठोकाठोकी सुरू होण्यापूर्वीच व्हायला हवी, कारण नंतरची नोंद कशाशी ताडून बघणार?

दुसरी बाजू मुलांची. कॅल्शियम आत आल्यावर त्याला ओळखून पुडी फोडणारे प्रथिन म्हणजे ओटोफर्लिन. त्याचा जनुक १९९९ साली पेती यांच्या गटाने शोधला. तो बिघडला तर दार उघडते, कॅल्शियम येते, पण निरोप निघत नाही आणि मूल बहिरे जन्मते. २०२४च्या जानेवारीत शांघायच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या उपचारात अशा सहा मुलांच्या कानात निरोगी जनुक सोडला होता. पाच मुलांना ऐकू येऊ लागले. रोमपेशी जिवंत होत्या, फक्त शेवटची कडी निखळली होती, म्हणून हे शक्य झाले.

ही कडी नेमकी कुठे निखळली हे ओळखण्यात एक धोका आहे. नवजात बाळांच्या कानाची जी झटपट तपासणी होते, तिच्यात बहुधा कानातून परत येणारा सूक्ष्म प्रतिध्वनी मोजतात. तो बाहेरच्या रोमपेशी देतात. ओटोफर्लिनच्या बिघाडात त्या पेशी ठणठणीत असतात, त्यामुळे यंत्र बाळाला ‘उत्तीर्ण’ ठरवते आणि आईबाप निर्धास्त घरी जातात. पुढे दीड-दोन वर्षांनी मूल बोलत नाही म्हणून धावपळ सुरू होते. मेंदूपर्यंत गेलेला संदेश मोजणारी दुसरी तपासणी केली तर हा बिघाड पहिल्या महिन्यातच उघडा पडतो. घरात आधी कुणी जन्मतः बहिरे असेल, लग्न नात्यात झालेले असेल किंवा बाळ टाळीला, भांड्याच्या आवाजाला दचकत नसेल, तर पहिल्या तपासणीत उत्तीर्ण झालेल्या बाळाचीही ही दुसरी तपासणी आग्रहाने करून घ्यावी, आणि सोबत हृदयाचा आलेखही.